उतारा कोण वाचतो?
महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आले. तरी पदवीच्या वर्गात इंग्रजी संदर्भग्रंथाचे एक पान अनेकांना जड जाते. मुख्य अडचण शब्दांची. हू आणि नेशन या संशोधकांच्या २००० सालच्या प्रयोगानुसार गोष्टीरूप मजकूर मदतीविना नीट कळायला सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे पन्नासात एखादाच अनोळखी. त्यात कर्ता आणि क्रियापदामध्ये उपवाक्यांची गर्दी. मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांची १९४६ची वाचनपद्धत अजून कामाची आहे: चाळणे, प्रश्न काढणे, वाचणे, आठवून सांगणे, उजळणी. वर्गात मात्र प्राध्यापक उताऱ्याचा मराठीत अर्थ सांगतात, विद्यार्थी गाइडमधली उत्तरे उतरवतात. वाचन होते ते प्राध्यापकांचेच. सोपी इंग्रजी पुस्तके भरपूर वाचायला देणे हा उपाय संथ, पण खात्रीचा.