चाकांवरचं घर आणि पाचवी समिती



पौषात आम्ही दोघं, दीर आणि जाऊबाई असे चौघं कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन पालिताणा, शंखेश्वर, राणकपूर करून आलो. खालापूरहून निघून परत येईपर्यंत सोळा दिवस. घरच बरोबर नेलं की चौविहार सांभाळायला सोपं, हा हट्ट माझाच होता.

हट्ट पहिल्याच दिवशी थोडा उतरला. स्वयंपाकाच्या खणाची कडी लावायची राहिली आणि मनोरच्या पुढे एका खड्ड्यात तुपाचा डबा खाली आला. शेवटपर्यंत गाडीला तुपाचा वास येत होता. भरूचच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत अडकलो आणि सूर्य तर झरझर खाली चाललेला. जाऊबाईंनी उभ्या गाडीतच थेपले आणि केळ्याची भाजी वाढली, दहा मिनिटांत जेवणं उरकली. उकाळलेलं पाणी थंडीत चार प्रहर चालतं, म्हणून रोज सकाळी तपेलं चढायचं. नवव्या दिवशी गॅस संपला. हे सगळं आता हसत सांगते आहे.

पण एक गोष्ट हसून सांगता येत नाही. गाडीत छोटा संडास होता. त्याची पेटी दोन-तीन दिवसांनी भरते आणि ती कुठेतरी रिकामी करावी लागते. भाड्याची गाडी घेताना गादी, एसी, फ्रीज सगळं विचारलं. हे मात्र चौघांपैकी एकानेही विचारलं नाही. घरी कळ दाबली की विषय संपतो ना!

राणकपूरहून निघाल्यावर ड्रायव्हरने विचारलं, "काकी, पेटी भरलीय, कुठे ओतू?" मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "बघ रे कुठेतरी आडबाजूला." त्याने एका ओढ्याच्या पुलाजवळ गाडी थांबवली आणि पाच मिनिटांत परत आला. गाडी निघाली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. त्याच ओढ्यावर, पुलाच्या खालच्या अंगाला, एक बाई वाकून हंडा भरत होती.

मी गाडी थांबवायला सांगितली नाही. ड्रायव्हरला दोष देणं सोपं आहे, पण त्याने तर विचारलं होतं.

माझ्या सासूबाई विहिरीचं पाणी गाळायच्या आणि गाळण्यात अडकलेलं त्याच विहिरीत हलकेच परत सोडायच्या, तिथल्या जीवांना तिथेच ठेवायला. त्यांची सून गाळलेलं, उकाळलेलं पाणी पिऊन पेटीतली घाण आणि तिच्यातलं जंतुनाशक निळं औषध वाहत्या पाण्यात सोडते. आम्ही पाताळगंगेच्या काठची माणसं. खोपोलीच्या वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी खाली येतं आणि वरच्यांनी काय केलं ते खालच्यांना भोगावं लागतं, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

पाच समित्यांपैकी ईर्या आणि भाषा आपल्या तोंडी असतात. एषणा, म्हणजे निर्दोष आहार, यावर तर आपण तासन्‌तास बोलतो: कांदा नाही, बटाटा नाही, दिवस मावळल्यावर नाही. पाचवी परिष्ठापनिका, शरीरातून बाहेर पडलेलं कुठे आणि कसं टाकायचं त्याची. साधू-साध्वी त्यासाठी कोरडी, निर्जीव जागा नीट पाहून घेतात. आपण श्रावक ती त्यांच्यावर सोडून मोकळे झालो. माझं मत विचाराल तर आपला धर्म तोंडाशी फार कडक आणि त्याच्या पुढे फार सैल झाला आहे.

कॅम्परने यात्रा करूच नये असं मी म्हणत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना ती सोयीचीच आहे. सरकारनेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण आपल्या यात्रेच्या वाटेवर आधीच धर्मशाळा आहेत, त्यांना संडास आहेत, टाक्या आहेत. परतताना एका धर्मशाळेत मी मुनीमजींना सरळ विचारलं. ते आधी हसले, मग म्हणाले, "बेन, आजवर कोणी विचारलंच नाही," आणि मागच्या बाजूचा संडास दाखवला. पेटी मी आणि ह्यांनी मिळून रिकामी केली. यांना ओकारी आली, मला आली नाही. साठ वर्षांत स्वतःचं हे पहिल्यांदा हाताळलं.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी धर्मशाळेचे विश्वस्त असतील तर एवढं बोला: पार्किंगजवळ एक झाकण, एक नळ आणि एक पाटी. आणि गाडी ठरवताना फ्रीजच्या आधी पेटीचं विचारा. रबरी हातमोजे दोन जोड घ्या, एक फाटतोच.