उत्तरसूची असलेले पुस्तक

आपल्या वसतिगृहाच्या ग्रंथालयाला पुस्तके भेट देणारे माजी विद्यार्थी आणि हितचिंतक आहेत, याचे आम्हा शिक्षकांना समाधान आहे. अलीकडे या भेटींत परकीय भाषांची व्याकरणेही येऊ लागली आहेत. पुण्यात हे साहजिकच म्हणावे लागेल. बोट क्लब रस्त्यावर मॅक्स म्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर विद्यापीठाची रानडे इन्स्टिट्यूट आहे, आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात जर्मन व जपानी कंपन्यांचे कारखाने उभे आहेत. कुशल मनुष्यबळासाठी राज्य शासनाने 2024 मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी करारही केला. नववी-दहावीतील आपली मुले इंग्रजीच्या जोडीला जर्मन, जपानी शिकायचे म्हणतात ते हे सारे पाहूनच. म्हणूनच त्यांच्या हाती सरावासाठी कोणते पुस्तक द्यावे, या वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नाविषयी आम्हाला येथे थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

भेट म्हणून सर्वाधिक येते ते रेन आणि मार्टिन यांचे जाडजूड इंग्रजी व्याकरण. या ग्रंथाविषयी आमच्या मनात आदर आहे. ब्रिटिश राजवटीत, मुख्यतः येथील इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी तो लिहिला गेला. ज्याच्या घरी इंग्रजीच बोलली जाते, त्या मुलाला वाक्याचे पृथक्करण शिकवणे हा त्यातील बऱ्याच भागाचा हेतू आहे. तयार वाक्यातील नाम, क्रियापद, गौण वाक्य ओळखणे ही एक विद्या झाली आणि स्वतः वाक्य तयार करणे ही दुसरी. मराठवाड्यातील एखाद्या वस्तीतून आलेल्या मुलाला पहिलीपेक्षा दुसरीची गरज अधिक असते. जुन्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी पक्के केले, त्याचे कारणही हेच असावे. त्या पाठमालेत मराठी वाक्य समोर ठेवून त्याचे इंग्रजी करावयाचे असे. वाक्ये कधी विनोदी वाटत, पण मूल कामाला लागे.

रेमंड मर्फी यांचे 'इंग्लिश ग्रामर इन यूज' 1985 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. डाव्या पानावर नियम व उदाहरणे आणि उजव्या पानावर त्याच नियमाचा सराव, अशी त्याची मांडणी आहे. एका बैठकीत एक मुद्दा संपतो. वसतिगृहातील संध्याकाळच्या अभ्यासिकेच्या तासाला ही रचना फार सोयीची पडते. मात्र भेट देणारे बहुधा निळ्या मुखपृष्ठाचे पुस्तक आणतात, कारण नाव त्याचेच ऐकलेले असते. ते मध्यम पातळीचे आहे. आपल्या आठवी-नववीच्या बहुसंख्य मुलांना त्याआधीचे लाल मुखपृष्ठाचे 'एसेन्शियल ग्रामर इन यूज' हवे. मुलाला खालच्या पायरीवरचे पुस्तक देण्यात त्याचा कमीपणा आहे, असा समज पालकांतही आढळतो. तिसऱ्या पानावर अडून पुस्तक मिटून ठेवण्यात त्याहून मोठा तोटा आहे.

याच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या बाजारात असतात, एक उत्तरांसह आणि दुसरी उत्तरांविना. आमचा खरा आग्रह या ठिकाणी आहे. आपल्या मुलांसाठी उत्तरे नसलेली आवृत्ती कोणीही घेऊ नये. शहरातील सुखवस्तू घरात चूक दाखवायला आई असते, शिकवणीचे सर असतात. वसतिगृहात एका शिक्षकामागे पन्नास वह्या असतात आणि रात्री नऊला पडलेल्या शंकेला उत्तर द्यायला पुस्तकाची शेवटची पाने तेवढी असतात. जर्मन शिकणाऱ्यांत मान असलेल्या ड्रेयर आणि श्मिट यांच्या व्याकरणाची उत्तरपुस्तिका वेगळी विकली जाते. ते पुस्तक देणाऱ्याने पुस्तिकाही न विसरता आणावी.

मुले उत्तरे पाहून उतरवतील, असा आक्षेप काही सहकारी घेतात. थोडी उतरवतीलही. उतरवलेले काम वर्गात फळ्यावर एक वाक्य लिहायला सांगितले की लगेच उघडे पडते, त्यासाठी सर्व मुलांची उत्तरसूची कुलपात ठेवण्याचे कारण नाही. ज्ञानाची किल्ली शिक्षकाच्याच हाती राहावी, ही वृत्ती या देशात जुनी आहे आणि तिची किंमत कोणी मोजली हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना संस्कृत शिकण्यास नकार मिळाला व फारसी घ्यावी लागली. पुढे ते संस्कृत स्वतःच्या प्रयत्नाने शिकले. बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी 1921 मध्ये त्यांनी अर्ज लिहिला तो जर्मन भाषेत.

बाबासाहेबांनी पालीचे व्याकरण आणि शब्दकोश सिद्ध केले. महाराष्ट्र शासनाने 1998 मध्ये ते त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. त्यातील एका कोशात पाली शब्दांचे अर्थ इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी आणि गुजरातीतही दिलेले आहेत. शिकणारा कोणत्या भाषेतून येतो याचा विचार त्यामागे दिसतो. आज मिळणारी बहुतेक जर्मन-जपानी सरावपुस्तके हा विचार करीत नाहीत. ती इंग्रजी जाणणाऱ्याला उद्देशून लिहिलेली असतात. निर्जीव वस्तूला लिंग कसे असू शकते हे पटवण्यात इंग्रजीतून लिहिलेली जर्मन व्याकरणे पाने खर्च करतात. आपल्या मुलीला त्यात नवल वाटत नाही. तिची शाळा 'ती' आहे, दगड 'तो' आहे, पुस्तक 'ते' आहे आणि जर्मनमध्येही या तिन्ही शब्दांची लिंगे नेमकी हीच आहेत. तिची गफलत होते ती सूर्यापाशी, कारण जर्मन सूर्य स्त्रीलिंगी आहे. सराव तेथे हवा.

विभक्तीचेही असेच आहे. रोजच्या वंदनेतील 'बुद्धं', 'धम्मं', 'संघं' ही द्वितीयेची रूपे आहेत, हे एकदा उलगडून सांगितले की जर्मन द्वितीया मुलांना परकी वाटत नाही. जपानीत तर वाक्याची चालच आपली आहे. 'वाताशि वा गाक्को नि इकिमास' म्हणजे 'मी शाळेत जातो'. शब्दाला प्रत्यय मागून लागतो आणि क्रियापद शेवटी येते. परंतु 'घरी आहे' आणि 'घरी जेवतो' या दोहोंत मराठी 'घरी' हे एकच रूप वापरते, तर जपानी पहिल्या ठिकाणी 'नि' आणि दुसऱ्या ठिकाणी 'दे' लावते. मराठी मूल तेथे हमखास चुकते. इंग्रजीत ते उपपदांपाशी चुकते, आणि 'दोन वर्षांपासून येथे राहतो' या वाक्यापाशीही, कारण आपला साधा वर्तमानकाळ तेथे चालत नाही. पुस्तक विकत घेण्यापूर्वी या जागी किती सराव दिला आहे हे पाच मिनिटे चाळून पाहावे. मुखपृष्ठावरील प्रकाशकाच्या नावापेक्षा ही पाच मिनिटे अधिक सांगून जातात.

परीक्षेचाही विचार करावाच लागतो. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेत लेखन आणि संभाषण नसते, पर्याय निवडायचे असतात. गोएथेच्या परीक्षेत मात्र लिहावेही लागते आणि बोलावेही लागते. केवळ गाळलेल्या जागा भरून घेणारे पुस्तक तेथे अपुरे पडते. 'मिन्ना नो निहोंगो' घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की मूळ पुस्तक संपूर्ण जपानीत असून व्याकरणाच्या टिपा वेगळ्या खंडात आहेत. एकटे मूळ पुस्तक नवशिक्याच्या उपयोगाचे नाही.

राहिला प्रश्न जुन्या पुस्तकांचा. अप्पा बळवंत चौकात ती स्वस्त मिळतात आणि शब्दकोश किंवा गोष्टीची पुस्तके तशी अवश्य घ्यावीत. सरावपुस्तक मात्र आधी आतून पाहावे. मागील धन्याने पेनाने भरलेल्या जागा खोडता येत नाहीत आणि त्याच्या चुकाही बरोबर येतात. ग्रंथालयाच्या प्रतीत कोणी लिहू नये, उत्तरे वहीत लिहावीत, हा नियम आम्ही मुलांना घालून दिला आहे. देणाऱ्यांना विनंती एवढीच की दहा वेगवेगळ्या व्याकरणांची एकेक प्रत आणण्याऐवजी चार-पाच जणांनी मिळून लाल मुखपृष्ठाच्या मर्फीच्या, उत्तरांसहित आवृत्तीच्या दहा प्रती आणाव्यात. अभ्यासिकेतील एका बाकावर दोन मुले बसतात, त्या हिशेबाने दहा प्रतींत वीस मुलांचा तास भागतो.