डॉस ही आपल्या काळाची मोडी

१/ मार्केट यार्डातील एखाद्या गाळ्याचा जुना संगणक भंगारात निघतो, तेव्हा ‘डॉस आता कोण वापरतो?’ असे विचारले जाते. हा प्रश्नच चुकीचा. त्यातील अडत, हमाली, तोलाईची खाती उद्या कोण वाचणार, हा खरा प्रश्न.

२/ पेशवे दफ्तरातील रुमाल शाबूत आहेत. मोडी वाचणारे मोजके उरले. संगणकातील खतावणीचे दैव याहून कठोर. तिला जाणकार वाचक पुरत नाही, तिची कार्यप्रणालीही चालती लागते.

३/ पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने डॉसच्या पडद्यावर देवनागरी आणली. १९९१ साली प्रमाण ठरलेल्या इस्की संकेतातील मजकूर आज युनिकोडमध्ये रूपांतर केल्याविना सहसा वाचता येत नाही.

४/ सुरक्षेचा आक्षेप रास्त आहे. विंडोज एक्सपीचाही विस्तारित आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. म्हणून जुनी प्रणाली इंटरनेटपासून तोडावी; नष्ट करू नये.

५/ मार्ग उपलब्ध आहे. जिम हॉल यांनी १९९४ मध्ये आरंभलेले फ्रीडॉस आजही मोफत मिळते. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत घेऊन ती त्यावर चालवून पाहावी. कांद्या-गुळाचे भावही इतिहासच आहेत. यंत्र भंगारात जावो. डिस्क जाऊ नये.