मँडरिनचा तास बेसिनपाशी

सिंगापूरची २०२० ची जनगणना लहान मुलांना मँडरिन शिकवणाऱ्या प्रत्येकाने एकदा नीट वाचावी. घरात सर्वाधिक बोलली जाणारी भाषा म्हणून २०१० मध्ये पाच वर्षं आणि त्यावरच्या ३५.६ टक्के रहिवाशांनी मँडरिनचं नाव सांगितलं होतं आणि ३२.३ टक्क्यांनी इंग्रजीचं. दहा वर्षांत पारडं फिरलं: इंग्रजी ४८.३, मँडरिन २९.९. तेही अशा देशात, जिथे १९७९ पासून सरकार ‘मँडरिन बोला’ मोहीम चालवत आलं आहे, चिनी वंशाच्या मुलांना शाळेत मातृभाषा म्हणून हीच भाषा शिकावी लागते आणि शिकवणीवर आईबाप हात राखून खर्च करत नाहीत. तास भरपूर झाले. घर कमी पडलं.

त्या मोहिमेने आधी आजीआजोबांच्या होक्येन, तेओच्यू, कँटनीज या चिनी बोली मागे सारल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेत इंग्रजी येऊन बसली, हा इतिहास सिंगापूरचे लोकही आता हळहळत सांगतात. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांनी २००९ मध्ये जाहीरपणे कबूल केलं, की लहान मुलांच्या माथी श्रुतलेखन आणि पाठांतर मारून सुरुवातच चुकीची झाली. दोन वर्षांनी त्यांच्या पुढाकाराने द्विभाषिकतेसाठी जो निधी उभा राहिला, त्याचा रोख शाळेआधीच्या वयावर होता.

घरातल्या बोलण्याला एवढं वजन का द्यायचं, याचा एक भक्कम पुरावा सिअ‍ॅटलहून आला. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजीभाषक घरांतल्या नऊ-दहा महिन्यांच्या बाळांशी मँडरिनभाषक माणसं खेळली, त्यांना पुस्तकं वाचून दाखवली. एकूण १२ बैठका, प्रत्येकी सुमारे २५ मिनिटांची. एवढ्याने ती बाळं ‘छी’ आणि ‘शी’ यांतला मँडरिन भेद ओळखू लागली आणि तैवानमधल्या तान्ह्यांच्या तोडीला आली. तीच माणसं, तीच सामग्री टीव्हीवरून किंवा नुसत्या आवाजातून दिली, तेव्हा परिणाम शून्य. मुलाला टॅबलेटसमोर बसवून ‘ऐकत राहू दे’ म्हणणाऱ्या पालकांना हा प्रयोग सांगायला हवा. ध्वनिमुद्रण जरूर द्यावं, पण ते आईबाबांना. त्यांनी ऐकून सराव करावा आणि मुलाशी स्वतःच्या तोंडाने बोलावं.

आता काय बोलावं, ते.

बहुतेक वर्गांचा पहिला महिना अजूनही रंग, फळं आणि प्राण्यांच्या चित्रपत्त्यांत जातो. तीन वर्षांचं मूल हत्तीचं चिनी नाव पाहुण्यांसमोर म्हणून दाखवतं आणि सगळे खूश होतात. पण फ्लॅटमध्ये हत्तीचा दिवसातून कितीदा संबंध येतो? हात मात्र पाच-सहा वेळा धुतले जातात. ‘शी शौ’ (हात धू), ‘ह श्वेइ’ (पाणी पी), ‘छ्वान श्ये’ (बूट घाल), ‘क्वान तंग’ (दिवा बंद कर) या प्रत्येक वाक्याला घरात ठरलेली जागा आहे: बेसिन, जेवणाचं टेबल, दारातला चपलांचा स्टँड, झोपायची खोली. पालकांना आठवड्याला एकच वाक्य द्यावं. वाक्य जागेला बांधलं, की आठवण करून द्यायला शिक्षक लागत नाही.

जेवणाच्या वेळेचं मोल तर सर्वांत जास्त. मोजताना मँडरिनमध्ये वस्तूआधी मापशब्द लागतो आणि मोठी माणसं तिथे वर्षानुवर्षं अडखळतात. भात वाढताना ‘ई वान फान’, पाणी देताना ‘ई पेइ श्वेइ’ रोज कानावर पडलं, तर वाडगा, पेला आणि मापशब्द एकदमच मुलाच्या हाती येतात. जोडीला ‘याव पू याव?’, म्हणजे हवं का, एवढा प्रश्न असावा. उत्तर ‘याव’ किंवा ‘पू याव’. ‘हवंय?’ ‘हवंय!’ अशी सवय असलेल्या मराठी घराला ही रचना समजावूनही द्यावी लागत नाही.

सुरांचा बाऊ शिक्षकांनीच करून ठेवला आहे. पहिल्याच दिवशी ‘मा’ चार सुरांत म्हणायला लावायचं: आई, ताग, घोडा, शिव्या देणं. यांपैकी ताग आणि घोडा घरात नसतात आणि शिव्या नसाव्यात. त्यापेक्षा ‘क्वान तंग’ घ्या, दोन्ही सूर उंच आणि सपाट. ‘श्वेइ च्याव’ (झोप) घ्या, दोन्ही वरून खाली येणारे. ‘शी शौ’मध्ये दोन तिसरे सूर शेजारी आले, की पहिला बदलून चढता होतो. हा नियम फळ्यावर मांडायला गेलं तर मोठ्यांना घाम फुटतो. दिवसातून सहा वेळा तो ऐकणारं मूल नियम न कळताच पाळतं. मँडरिनभाषक मुलं सूर लवकर पकडतात आणि जीभ मागे वळवून करायचे ध्वनी उशिरा, हे संशोधनातून दिसलेलं आहे. तैवान आणि दक्षिण चीनमध्ये कित्येक मोठी माणसंही ती जीभ पुरती वळवत नाहीत. तेव्हा चार वर्षांच्या मुलाला त्यावरून टोकू नये. सूर चुकला, तर वाक्य आपण पुन्हा नीट म्हणावं आणि पुढे जावं.

मराठी पालकांबाबत एक गोष्ट वर्गातल्या शिक्षकाने आवर्जून करावी: पिनयिन, म्हणजे रोमन अक्षरांत लिहिलेलं मँडरिन, इंग्रजीसारखं वाचू देऊ नये. त्यातलं ‘बी’ हे अक्षर ब नसून प आहे आणि ‘पी’ म्हणजे फ, दोन्ही ओठ मिटून काढलेला. ‘डी’ आणि ‘टी’ म्हणजे जवळपास त आणि थ. ‘जी’ आणि ‘के’ म्हणजे क आणि ख. खुद्द पिनयिनचा उच्चारही फिन-यिनच्या जवळचा आहे. अल्पप्राण-महाप्राणाचा भेद इंग्रजीभाषकाला घोटून घ्यावा लागतो, मराठी कानाला तो उपजत आहे. ‘चमचा’मधला दंत्य च आणि ‘चिमणी’मधला तालव्य च हेही दोन्ही मँडरिनमध्ये हजर आहेत. पहिली काही वाक्यं देवनागरीत लिहून द्यायला म्हणूनच हरकत नसावी. देवनागरीत सूर दिसत नाहीत, ते ध्वनिमुद्रणातून घ्यावेत.

अक्षरांची घाई कोणी करत असेल, तर त्याला चीनचंच उदाहरण दाखवावं. तिथल्या शिक्षण मंत्रालयाने २०१८ मध्ये बालवाड्यांना पिनयिन, अक्षरओळख, गणित असा प्राथमिक शाळेचा अभ्यास शिकवण्यास मनाई केली. ज्या देशात ही लिपी जन्मली, तिथे पाच वर्षांच्या मुलाच्या हाती ती द्यायची नाही असं ठरतं. मग आपल्याकडच्या वर्गांत त्याच वयाला चौकटीच्या वह्या कशाला?

सिंगापूरच्या सरकारी शाळांत भारतीय मुलांना तमिळ किंवा हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यांपैकी एक भाषा घेता येते. मराठी या यादीत नाही. तिथली काही मराठी कुटुंबं परवानगी काढून मुलांसाठी मँडरिन निवडतात. अशा घरात आईबाबांना मँडरिनचा गंध नसतो आणि घरची भाषा मराठी असते. त्यांनी मराठी सोडून मोडकंतोडकं मँडरिन बोलावं, असा सल्ला कोणत्याही शिक्षकाने देऊ नये. दिवसातले दोन प्रसंग मँडरिनचे, बाकी सगळा दिवस मराठीचा, एवढी वाटणी पुरते. होक्येन बोलणाऱ्या आज्यांचं काय झालं, ते तिथल्या शिक्षकांनी पाहिलेलं आहे.

वाचक शिक्षकांना विनंती, की आपण पालकांना दिलेली घरगुती वाक्यं, घरातल्या कोणत्या जागी ती वापरली गेली त्या तपशिलासह, संपादकांकडे पाठवावीत. जी वाक्यं महिन्याभरात मुलांनी आपणहून उच्चारली, त्यांवर वेगळी खूण करावी. जी पालकांनी आठवड्यातच सोडून दिली, तीही वगळू नयेत.