सटवाईची पाचवी आणि दवाखान्यातली सिस्टर

वाचकहो, आपल्या परभणी जिल्ह्यात बाळंतपणानंतरच्या पाचव्या दिवसाला केवढा मान असतो, हे तुम्हाला सांगायला नको. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, असं मानतात. म्हणून पाटा-वरवंटा मांडून पूजा होते, जवळ कोरा कागद आणि पेन ठेवतात. आता बघा, साधं बाळंतपण असेल तर दोन-तीन दिवसांत सुट्टी मिळते. सिझर झालं की मात्र पाचवी वॉर्डातच येते. टाके ओले, आणि घरचे म्हणतात, "आम्हाला घरी जाऊ द्या." सिस्टर ओरडली, की स्वतःच्या जबाबदारीवर सही करून बाळंतिणीला नेतात. मग घरी टाके पिकले तर?

माझ्या मते इथे रूढी आडवी येत नाही, आपलं बोलणं आडवं येतं. "उशाशी कागद-पेन ठेवा, हळदीकुंकू वाहा. फक्त दिवा लावू नका, इथे ऑक्सिजन आहे." एवढं सांगितलं तर बरीच घरं थांबतील. मुसलमान घरात बाळाच्या कानात अजान देतात. वडिलांना आत सोडता येत नसेल तर बाळाला दारापर्यंत न्यावं, काम मिनिटाचं आहे. मध चाटवायला मात्र नाहीच म्हणायचं, वर्षाच्या आत मध धोक्याचा असतो.

म्हणजे सगळंच चालवून घ्यायचं असं नव्हे. बाळंतिणीला पाणी कमी देणं, पहिला चीक पिळून टाकणं, हे थांबवलंच पाहिजे. पण कसं? जिंतूरकडच्या तांड्यावरच्या आजीला प्रतिकारशक्तीवर भाषण देऊन काय उपयोग? "वासराला आधी चीक पाजता ना, मग नातवाला का नाही?" असं विचारा. तेही तिच्या गोरमाटीत विचारणारी आशाताई सोबत असेल तर फारच छान. आणि सासूला वॉर्डाबाहेर काढलं की काम सोपं होतं, हा गैरसमज आहे. घरी गेल्यावर बाळंतिणीच्या ताटात काय पडणार, हे सासूच ठरवते!

मॅडेलिन लेनिंगर या अमेरिकन परिचारिकेने या विषयाचं शास्त्रच उभं केलं. नर्सिंगच्या मुली ते परीक्षेपुरतं पाठ करतात. त्यापेक्षा गडचिरोलीकडे बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' सुरू केली. तिथला दवाखाना आदिवासींच्या गावासारखा बांधला आणि त्याला त्यांच्या दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. नवजात बाळांना वाचवायचं शास्त्रीय कामही तिथलेच लोक करतात. देवीच्या नावाने औषधाचा गुण कमी झाला नाही.

आपल्याकडे केसपेपरवर रक्तगट, वजन, हिमोग्लोबिन सगळं लिहितात. त्याखाली पेनने एक ओळ वाढवायला काय हरकत आहे? "घरचं काही पाळायचं आहे का?" हे नाव नोंदवतानाच विचारलं, तर पाचव्या दिवशी भांडायची वेळ येणार नाही.