पांढऱ्यातले पांढरे दिसावे म्हणून

मॅमोग्राफीच्या फोटोत चरबी काळसर दिसते, ग्रंथींचा दाट भाग पांढरा आणि कर्करोगाची गाठही पांढरीच. तरुण स्त्रीच्या स्तनात हा दाट भाग जास्त असतो. त्यातच भारतात हा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी गाठतो. फोटोतला काळ्या-पांढऱ्याचा फरक संगणकाने ठळक करण्याच्या तंत्राचे आम्ही म्हणूनच मनापासून स्वागत करतो. मिलिमीटरहून बारीक कॅल्शियमचे कण त्याने लवकर नजरेत येतात. शिरेतून आयोडीनयुक्त औषध देऊन फोटो काढला तर गाठीकडचा वाढीव रक्तपुरवठाच उजळतो.

पण जे यंत्राने टिपलेच नाही, ते संगणक कुठून आणणार? फरक फार ताणला तर फालतू ठिपकेही संशयास्पद वाटतात आणि धडधाकट बाईच्या वाट्याला सुईची तपासणी येते. स्तन पट्ट्यांमध्ये नीट दाबला जाणे, बाई न हलणे, किरणांची मात्रा बरोबर असणे, यातच अर्धी लढाई असते. ते कसब तंत्रज्ञाच्या हातात असते. खामगावच्या सामान्य रुग्णालयात रोज चालणारे डिजिटल यंत्र आणि प्रशिक्षित महिला तंत्रज्ञ हवी, ही आमची मागणी आहे. फोटो इथे निघावा आणि वाचायला त्याच दिवशी अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जावा. फोटोला पन्नासेक किलोमीटर काहीच नाहीत. कापूस वेचणीची मजुरी बुडवून, घरच्यांची समजूत काढून एसटीत बसणाऱ्या बाईला मात्र ते फार आहेत.

यंत्र येईपर्यंत हात बांधून बसायचेही कारण नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने स्तनतपासणी केली. २०२१मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मृत्यूंत तशी घट दिसली नाही. तिथे सोनोग्राफी आणि चांगल्या फोटोची जोड किती लागते, हे यावरून कळावे.

आणि आपली स्थिती? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांत एकीचीही स्तनतपासणी कधी झालेली नव्हती. तिशीपुढच्या प्रत्येकीची तपासणी सरकारी कार्यक्रमात कागदावर आहेच. ती उपकेंद्रात, पडद्याआड, आरोग्यसेविकेच्या हातून खरोखर व्हावी. जिल्हा नियोजन समितीने यंत्राबरोबर तंत्रज्ञाच्या पगाराची आणि देखभालीची तरतूदही येत्या आराखड्यातच करावी.