सबस्टेशनशेजारचं घर

सर्वप्रथम एक कबुली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. 'अडतीस' म्हटलं की मनात आधी 'थर्टी एट' करून घ्यावं लागतं. म्हणून या लेखातले आकडे आकड्यांतच लिहिले आहेत. बाकी चुकभूल द्यावी घ्यावी!

गेल्या सेमिस्टरला पीएल सुरू असताना बाबांचा फोन आला. नाशिकला एक फ्लॅट बघितलाय. शेजारच्या गल्लीत तेवढ्याच जागेचे 46 लाख सांगतात, हा मात्र 38 लाखांत मिळतोय. कारण? कंपाउंडला लागून 132 केव्हीचं सबस्टेशन. एजंट म्हणतो "काही होत नाही", आत्या म्हणते "कॅन्सर होतो". शेवटी बाबा म्हणाले, "तू इलेक्ट्रिकलची ना? मग तूच सांग, घ्यायचा की नाही?"

मित्रांनो, मी गप्प झाले. ट्रान्सफॉर्मरचा इक्विव्हॅलंट सर्किट झोपेतून उठवलं तरी काढून दाखवीन, पण बाबांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रिटायरमेंटला 4 वर्षं उरलेल्या माणसाची आयुष्याची कमाई त्यात जाणार होती, आणि माझी धाकटी बहीण तिथं वाढणार होती.

म्हणून आधी वाचलं. या भीतीची सुरुवात 1979 मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या एका अभ्यासातून झाली. त्यात विजेच्या तारांजवळची घरं आणि लहान मुलांमधला कॅन्सर यांचा संबंध दिसला होता. पुढे बरेच अभ्यास झाले. घरातलं सरासरी मॅग्नेटिक फील्ड 0.4 मायक्रोटेस्लाच्या वर असेल, तर मुलांमध्ये ल्युकेमियाचं प्रमाण साधारण दुप्पट दिसतं, पण फील्डमुळेच तो होतो हे सिद्ध झालेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2002 मध्ये हे फील्ड '2बी' गटात टाकलं, म्हणजे 'कदाचित'. त्याच गटात पूर्व आशियातल्या पारंपरिक खारवलेल्या भाज्याही आहेत! मूळ आजारच दुर्मिळ, त्यामुळे दुप्पट झाला तरी आकडा लहान राहतो. पण ज्याच्या घरात लहान मूल आहे, त्याला 'आकडा लहान आहे' एवढं सांगून चालत नाही, हेही मला पटतं.

मग मोजायचं ठरलं. बाबांनी उत्साहाने मोबाईलवर ॲप घेतलं आणि घाबरून फोन केला, "अगं, 42 मायक्रोटेस्ला दाखवतंय!" मी विचारलं, "आपल्या जुन्या घरी किती दाखवतं?" तिथंही 42. कारण ते पृथ्वीचं स्वतःचं स्थिर फील्ड! आपल्याला हवं असतं ते 50 हर्ट्झचं बदलतं फील्ड. लॅबमधला गॉसमीटर एवढ्या बारीक मापाला चालत नाही. शेवटी आमच्या सरांनी त्यांचा छोटा ईएमएफ मीटर दिला आणि बजावलं, "संध्याकाळी मोज. मॅग्नेटिक फील्ड करंटवर ठरतं, व्होल्टेजवर नाही. दुपारी लोड नसताना मोजशील तर फसशील."

शनिवारी संध्याकाळी साडेसातला मी आणि बाबा मीटर घेऊन फिरलो. आत उभा असलेला अवाढव्य ट्रान्सफॉर्मर कंपाउंडबाहेर फारसा त्रास देत नाही, अंतर वाढलं की त्याचं फील्ड झपाट्याने उतरतं. प्रश्न असतो आत-बाहेर जाणाऱ्या लाईन्सचा. आम्हाला दाखवलेला फ्लॅट डी विंगच्या कोपऱ्यात, बाल्कनीपासून अंदाजे 3 मीटरवर 33 केव्हीची लाईन. नियमाने आडवं अंतर किमान 2 मीटर लागतं, म्हणजे कागदावर सगळं बरोबर. पण तिथल्या बेडरूममध्ये मीटरने 0.5 दाखवलं. आणि त्या बाल्कनीत कपडे वाळत घालायची लोखंडी काठी घेऊन माझी बहीण उभी आहे, हे चित्र मला 0.5 पेक्षा जास्त भीतीदायक वाटलं. त्याच सोसायटीच्या बी विंगमध्ये, लाईनपासून 60 मीटरवर, आकडा होता 0.05.

रात्री 11 ला पुन्हा गेलो, ऐकायला. ट्रान्सफॉर्मरचा कोअर प्रत्येक सायकलमध्ये 2 वेळा किंचित ताणतो-आकसतो, म्हणून 100 हर्ट्झची घूं-घूं येते. दिवसा रहदारीत ती कळत नाही. डी विंगखाली ती स्पष्ट ऐकू येत होती. बाबा 5 मिनिटं नुसते उभे राहिले आणि म्हणाले, "तुझ्या आईला इथं झोप लागायची नाही." हा मुद्दा ना एजंटने काढला होता, ना आत्याने.

आईचा प्रश्न वेगळाच. "उद्या विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मिळेल का?" प्रश्न रास्त आहे. आज लोकांच्या भीतीमुळे 8 लाख वाचतात, विकताना तीच भीती आपल्या 8 लाखांना कात्री लावणार. म्हणून माझं मत असं : 4-5 वर्षांत विकायचं असेल तर अशा घराच्या वाटेला जाऊ नये. जन्मभर राहायचं असेल तर लाईन कुठून जाते ते बघावं, संध्याकाळी मोजावं, रात्री ऐकावं, आणि हे तिन्ही ठीक असेल तर खुशाल घ्यावं. भिंतीपलीकडे सबस्टेशन आहे एवढ्याच कारणाने नाही म्हणू नये. आम्ही डी विंगला नकार दिला आणि बी विंगमधला फ्लॅट 39 लाखांत घेतला.

आता गंमत ऐका. मीटर परत करण्याआधी मी तो हॉस्टेलमध्ये फिरवला. जिन्याखालच्या मेन पॅनेलला लागून जी खोली आहे, तिथल्या कॉटच्या उशाशी आकडा आला 0.7. त्या खोलीत 2 वर्षं मीच राहतेय! ॲडमिशनच्या वेळी बाबांनी पाणी, मेस, रेक्टर सगळ्यांची चौकशी केली होती, पॅनेलची कुणीच केली नाही. मी फक्त कॉट समोरच्या भिंतीला सरकवली. आकडा 0.1 वर आला.

तुमच्याही घरून कधीतरी असा फोन येईल. तेव्हा "काही होत नाही" असं एजंटसारखं म्हणू नका. सरांकडून मीटर मागा आणि शनिवारची एसटी पकडा.